शेजाऱ्याचं बांधकाम आणि आपली हद्द: सोलापूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

सोलापुरात दिवाणी दाव्यांचं काम करताना एक वाक्य सतत कानावर येतं: "साहेब, शेजाऱ्यानं आमच्या जागेत बांधलंय." पेठेतल्या वाड्यांतून येतं, जुळे सोलापुरातल्या बंगल्यांतून येतं, शेळगी-मजरेवाडीच्या गुंठ्यांतूनही येतं. त्यातले जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथं एकत्र केले आहेत. तुमचे कागद पाहिल्याशिवाय तुमच्या प्रकरणाचा निकाल कुणी सांगू शकत नाही. पण पहिलं पाऊल कुठं टाकायचं, ते यातून नक्की कळेल.

१. शेजारी आमच्या भिंतीला चिकटून बांधतोय. हे बेकायदा आहे ना?

नुसतं चिकटून बांधलं एवढ्यावरून काही ठरत नाही. आधी दोन प्रश्न वेगळे करा. एक, त्याचं बांधकाम तुमच्या जागेत आलं आहे का? दोन, ते त्याच्याच जागेत असलं, तरी बाजूला जेवढी जागा मोकळी सोडायला हवी तेवढी त्यानं सोडली आहे का?

पहिला वाद हद्दीचा. त्यात मोजणी भूमी अभिलेख खातं करतं आणि निकाल दिवाणी न्यायालय देतं. दुसरा वाद बांधकामाच्या नियमांचा, तो महापालिकेकडे जातो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी या दोन्हींची गल्लत केलेली असते. इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेच्या कार्यालयात जाऊन "आमची हद्द ठरवून द्या" असा अर्ज करतात. महापालिका हद्द ठरवत नाही, म्हणून तो अर्ज पडून राहतो, आणि तोवर पलीकडे वीट चढत जाते.

२. "बाजूला तीन फूट सोडावंच लागतं" असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

सगळ्यांना लागू होईल असा एकच आकडा नाही. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, सोलापूर महापालिकाही तिच्याच कक्षेत येते. किती जागा सोडायची हे प्लॉटचं क्षेत्र, समोरच्या रस्त्याची रुंदी, इमारतीची उंची आणि भाग दाट वस्तीचा आहे की नव्या लेआउटचा, यावर ठरतं. साखर पेठेत भिंतीला भिंत लागलेली असते आणि ते नियमात बसू शकतं. होटगी रोडच्या लेआउटमधल्या स्वतंत्र बंगल्याला तेच चालणार नाही. रो-हाउसचा हिशेब आणखी निराळा.

म्हणून तोंडी आकड्यांवर भांडू नका, शेजाऱ्याचा मंजूर नकाशा मिळवा. तो महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात मागता येतो. अर्जाला दहा रुपये फी लागते आणि माहिती देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. नकाशात डाव्या-उजव्या बाजूला किती अंतर दाखवलंय आणि जागेवर किती आहे, हा फरक तुमच्या तक्रारीचा कणा. काम चालू असेल तर मात्र या तीस दिवसांची वाट पाहत बसू नका (प्रश्न ६).

३. माझी हद्द नक्की कुठं आहे, हे कसं कळणार?

कंपाउंडवरून नाही, घरपट्टीच्या पावतीवरून नाही, आणि "आजोबांच्या वेळेपासून इथंच आहे" यावरूनही नाही. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही, हे तर घराघरात सांगायला हवं.

पेठांमध्ये सिटी सर्व्हे झालेला आहे. तिथं मिळकत पत्रिका (सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ती), चौकशी नोंदवहीचा उतारा आणि सिटी सर्व्हेचा नकाशा काढा. १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या भागात अनेक ठिकाणी अजून सातबारा आणि गट नंबरच चालतो. तिथं गटाचा नकाशा, मंजूर लेआउट आणि बिनशेतीचा आदेश लागतो. खरेदीखत दोन्हीकडे हवं. त्यातली चतुःसीमा, म्हणजे जागेच्या चारही बाजूंना काय आहे याचं वर्णन, नीट वाचा. चतुःसीमा आणि क्षेत्रफळ जुळत नसेल, तर न्यायालयं साधारणपणे चतुःसीमेला जास्त वजन देतात. जुनं खत मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. अंदाजानं वाचलेल्या मोडीवर उभे केलेले दावे पुढे कोसळलेले मी पाहिले आहेत.

मग भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. तो ऑनलाइनही भरता येतो. खात्याकडून लगतच्या सगळ्या धारकांना नोटीस जाते, भूकरमापक जागेवर येऊन खुणा दाखवतो आणि नंतर मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळते. न्यायालयात ही प्रतच बोलते. खासगी सर्व्हेअरची मोजणी तुम्हाला अंदाज यावा म्हणून ठीक, पण शेजारी ती मानायला बांधील नाही.

माझ्या वडिलांनी शुक्रवार पेठेतल्या घरामागच्या बोळातल्या दीड हात जागेवरून शेजारच्या अण्णांशी अकरा वर्षं अबोला धरला होता. दोन्ही घरची लग्नं झाली, एकमेकांना अक्षता गेल्या नाहीत. वडील गेल्यावर आम्ही मोजणी मागितली. भिंत जिथं असायला हवी तिथंच होती. अण्णाही तोवर राहिले नव्हते. म्हणून मी प्रत्येकाला आधी मोजणीचा अर्ज भरायला लावतो, बाकीचं नंतर ऐकतो.

४. मोजणीच्या दिवशी शेजारी आलाच नाही, सही करायलाही नकार देतो. मोजणी रद्द होते का?

नाही. त्याला नोटीस पोचली होती, एवढं पुरेसं आहे. गैरहजेरीची आणि सहीला नकार दिल्याची नोंद पंचनाम्यात होते. ती झाली का, हे मात्र तुम्ही तिथंच पाहून घ्या.

५. मोजणी चुकीची झाली असं मला वाटतं. पुढे काय?

त्याच खात्यात वरिष्ठांकडून फेरमोजणी मागता येते. तिला निमताना मोजणी म्हणतात, आणि तीही मान्य नसेल तर जिल्हा अधीक्षकांच्या स्तरावर सुपर निमताना. मात्र "मला पटत नाही" एवढं लिहून चालत नाही. जुनी खूण सोडून दुसरीकडून मोजलं, लगतचा नंबर जोडलाच नाही, मूळ नकाशाशी मेळ बसत नाही, असं नेमकं कारण द्या. दावा आधीच चालू असेल तर न्यायालयाला सांगून कोर्ट कमिशनर म्हणून भूमापन अधिकाऱ्याची नेमणूक करून घेता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ मध्ये ती सोय आहे.

६. आज सकाळी शेजाऱ्यानं पाया खोदायला घेतला. आत्ता, या क्षणी काय करू?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. पाया खोदला जात असताना बोललेल्या शब्दाला जी किंमत असते, ती स्लॅब पडल्यावर उरत नाही. डोळ्यांदेखत बांधू दिलं आणि मग पाडायला सांगितलं, तर न्यायालय पहिला प्रश्न हाच विचारतं: तेव्हा गप्प का होतात? विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ४१ मध्ये ज्या कारणांसाठी मनाई नाकारता येते, त्यात अशी मूक संमतीही आहे.

आधी फोटो आणि व्हिडिओ घ्या, तारीख दिसेल असे. दोन्ही घरं एका चौकटीत यावीत, फीत लावून अंतर दाखवावं. मग शेजाऱ्याशी बोला, शांतपणे, शक्यतो दोन्ही घरांना मानणाऱ्या एखाद्या ज्येष्ठाला सोबत घेऊन. "मालक, आधी मोजून घेऊ, तोवर या बाजूचं काम थांबवा." ऐकलं तर उत्तमच, तेवढं कागदावर घ्या. नाही ऐकलं तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं लेखी हरकत पाठवा आणि पोचपावती जपा.

दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागात अर्ज द्या. परवानगी आहे का, असल्यास काम नकाशाप्रमाणे चाललंय का, हे तपासून काम थांबवावं अशी मागणी करा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५४ खाली विनापरवाना काम थांबवण्याची नोटीस देता येते. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय परत फिरू नका.

बांधकाम तुमच्या जागेत येतंय असं कागद सांगत असतील, तर त्याच आठवड्यात वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात मनाई हुकुमाचा दावा आणि आदेश ३९ खाली तात्पुरत्या मनाईचा अर्ज करा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. दाव्याला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका.

एक मात्र अजिबात करू नका: फावडं घेऊन त्याचा पाया उकरणं. जागा तुमची निघाली तरी गुन्हा तुमच्यावर दाखल होईल.

७. आम्ही परगावी होतो. आलो तर स्लॅबसुद्धा पडलेला. आता काही होऊ शकतं का?

होऊ शकतं, पण वाट लांबची आहे. आता आज्ञार्थक मनाई, म्हणजे बांधलेलं काढून टाकण्याचा हुकूम, आणि जागेचा ताबा मागावा लागतो. किती जागा गेली, समोरच्यानं जाणूनबुजून घेतली का, तुम्हाला कळल्यावर तुम्ही किती दिवसांत हरकत घेतली, हे सगळं न्यायालय पाहतं. अतिक्रमण अगदी किरकोळ असेल तर पाडण्याऐवजी भरपाई देण्याकडेही कल जाऊ शकतो. परगावी असल्याचे पुरावे (नोकरीचं पत्र, प्रवासाची तिकिटं) जपा, म्हणजे मूक संमतीचा आरोप टिकणार नाही. तुमच्या ताब्यातली जागा कायदेशीर मार्गाशिवाय हिसकावली असेल, तर सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली दावा करता येतो. त्यात मालकीची चर्चा करावी लागत नाही, आधी ताबा होता एवढं दाखवावं लागतं.

८. महापालिकेनं शेजाऱ्याला नोटीस दिली, पण पुढे काहीच झालं नाही.

नोटीस ही सुरुवात असते. त्यानंतर समोरच्याला म्हणणं मांडायची संधी, सुनावणी, मग आदेश. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की रस्ता, नदीकाठ यांसारख्या सार्वजनिक जागा सोडल्या, तर किमान पंधरा दिवसांची कारणे दाखवा नोटीस दिल्याशिवाय बांधकाम पाडता येणार नाही. तेव्हा "नोटीस दिली म्हणजे उद्या पाडणार" ही अपेक्षा ठेवू नका. दर पंधरा-वीस दिवसांनी लेखी स्मरणपत्र द्या आणि कारवाईची टिपणी माहिती अधिकारात मागवा. तरीही फाइल हलली नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे. बांधकाम नंतर दंड भरून नियमित होण्याचीही शक्यता असते. मात्र तुमच्या जागेत आलेली भिंत दंड भरून त्याची होत नाही. प्रश्न १ मधला फरक इथं कामी येतो.

९. पोलीस "हे सिव्हिल मॅटर आहे" म्हणून परत पाठवतात.

हद्द कुठली, हे पोलीस ठरवू शकत नाहीत, तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. पण मारहाण, धमकी, तुमचं कुंपण तोडणं, घरात घुसणं हे दिवाणी नाही. तक्रारीत तेवढंच लिहा. चार पानांत आजोबांपासूनचा जागेचा इतिहास लिहिला की मूळ मारहाण त्यात बुडते.

१०. आमच्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये एकच भिंत आहे, जुनी, दगड-मातीची. तो घर पाडून नवं बांधतोय. भिंत कुणाची?

जुन्या सोलापुरातल्या माळवदाच्या (सपाट मातीच्या छपराच्या) घरांचा हा खास प्रश्न. दोन्ही बाजूंच्या तुळया एकाच भिंतीवर टेकलेल्या, वर मातीचं ओझं, आणि भिंत दोन-अडीच फूट जाड. अशी भिंत कुणाची, हे तीन ठिकाणी शोधा: दोन्ही घरांच्या खतांत (कधी "मधली भिंत सामाईक" असं स्पष्ट लिहिलेलं असतं), चौकशी नोंदवहीत, आणि प्रत्यक्ष भिंतीत. तुळया कुणाच्या रुतल्यात, कोनाडे कुठल्या बाजूला आहेत, हेही पुरावेच.

भिंत सामाईक निघाली तर दोघांपैकी कुणी ती एकट्यानं पाडू शकत नाही आणि दुसऱ्याच्या संमतीशिवाय तिच्यावर मजलाही चढवू शकत नाही. भिंत पूर्ण शेजाऱ्याची निघाली, तरी तुमच्या तुळया तिच्यावर वीस वर्षांपेक्षा जास्त काळ हक्कानं टेकलेल्या असतील, तर आधाराचा सुविधाधिकार तुम्हाला मिळालेला असू शकतो. तसं असल्यास आधार काढून घेण्याआधी त्याला तुमच्या घराची सोय करावी लागेल.

व्यवहारात उत्तम तोडगा एकच दिसतो. पाडण्याआधी दोघांनी मिळून एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणावा, तुमच्या बाजूला टेकू द्यावेत, शेजाऱ्यानं स्वतःच्या हद्दीत स्वतंत्र कॉलम घ्यावेत आणि जुनी भिंत तुमच्यासाठी राहू द्यावी. माळवदाचं घर पावसाळ्यात उघडं पडलं की माती भिजून जड होते आणि माणसं दबतात. म्हणून पाडण्याचं काम मृगाच्या आधी उरकावं, किंवा पावसाळा सरेपर्यंत थांबावं.

११. शेजाऱ्याच्या नव्या भिंतीनं आमच्या खिडकीचा उजेड-वारा बंद झाला.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे, खिडकीतून वीस वर्षं अखंड, शांतपणे आणि हक्क म्हणून उजेड-वारा घेतलेला असेल तर तो तोडता येत नाही. पण थोडा उजेड कमी झाला म्हणजे हक्क मोडला असं नाही, खोलीत नेहमीचं राहणं-वावरणं कठीण झालं पाहिजे. वीस वर्षं झाली नसतील, तर शेजारी त्याच्या जागेत नियमानं भिंत घालू शकतो.

याची उलट बाजूही विचारली जाते: शेजाऱ्यानं आमच्या अंगणावर नवी खिडकी उघडली, काय करू? आधी ती त्याच्या मंजूर नकाशात आहे का पाहा. नसेल तर महापालिकेत तक्रार करा. असेल तर तुम्ही तुमच्या जागेत नियमाप्रमाणे बांधायला मोकळे आहात, फक्त वीस वर्षं व्हायच्या आत.

१२. त्याच्या पत्र्याच्या पागोळ्या आमच्या अंगणात पडतात, आणि हौदामुळे आमच्या भिंतीला ओल येते.

छज्जा, पत्रा किंवा पन्हाळ तुमच्या हद्दीच्या वर आला तर तेही अतिक्रमणच, जमिनीला टेकायची गरज नाही. स्लॅबचं पाणी पाइपानं त्यानं स्वतःच्या जागेत उतरवायचं.

हौदाचं दुखणं सोलापुरात घरोघरी आहे. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून जो तो जमिनीखाली हौद बांधतो, आणि जागा वाचवायला अगदी हद्दीला लावून. चार-पाच वर्षांत हौद पाझरतो आणि शेजारच्या भिंतीचा गिलावा फुगतो. शेजारी म्हणतो ओल तुमच्याच मोरीची आहे. हौद दोन दिवस रिकामा ठेवायला लावा आणि आधी-नंतरचे फोटो घ्या, किंवा इंजिनिअरला पाण्यात रंग टाकून पाहू द्या. कारण एकदा सिद्ध झालं की दुरुस्ती आणि भरपाई दोन्ही मागता येतात. यात मालकीचा वाद नसतो, त्यामुळे अशी प्रकरणं बहुतेक वेळा बसूनच मिटतात.

१३. त्यानं तळघरासाठी खोल खणलं आणि आमच्या भिंतीला भेगा पडल्या.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यात बाजूनं उभा खड्डा घेतला की शेजारच्या पायाखालची माती सरकते. तुमच्या जमिनीला लगतच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क कायद्यानं मानलेला आहे. त्याशिवाय निष्काळजीपणानं खणून नुकसान केलं, तर भरपाईची जबाबदारी खणणाऱ्यावर येते.

भेग जुनी की नवी, यावर सगळं अडतं. म्हणून शेजारी काम काढणार असं कळताच स्वतःच्या घराच्या प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढून ठेवा. भेग दिसली की तिच्यावर आडवी प्लास्टरची पट्टी लावून तारीख लिहा. पट्टी तडकली म्हणजे भेग वाढतेय. मग थांबू नका, महापालिकेला आणि शेजाऱ्याच्या इंजिनिअरला लेखी कळवा.

१४. शेजारच्या झाडाच्या फांद्या आमच्या गच्चीवर आल्यात. तोडू का?

शहरात स्वतःहून कुऱ्हाड चालवू नका. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. शेजाऱ्याला कळवा आणि अर्ज द्या.

१५. बारा वर्षं झाली की जागा त्याचीच होते म्हणतात.

नुसती बारा वर्षं होऊन जागा कुणाची होत नाही. ताबा उघड, अखंड आणि मूळ मालकाच्या विरोधात असायला हवा, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. "वापरा हो, आपलंच आहे" म्हणून तुम्ही सायकल ठेवायला दिलेल्या जागेवर असा हक्क येत नाही. पण सगळं जुळलं, तर १९६३ च्या मुदत कायद्यानुसार तुमचा हक्क खरोखर संपतो, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केल्याप्रमाणे असा कब्जेदार स्वतः दावाही आणू शकतो. म्हणून मोकळा प्लॉट घेऊन पुण्या-मुंबईला राहणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी येऊन हद्दीच्या खुणा पाहाव्यात.

१६. आमचा प्लॉट गुंठेवारीचा आहे, नोटरीवर घेतलेला. आम्हाला मोजणी मिळेल का?

इथं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण यातली बरीच माणसं आयुष्यभर विड्या वळून, माग चालवून एक-दोन गुंठे घेतात. नोटरी केलेल्या कागदानं मालकी मिळत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखत लागतं. आणि तुमच्या प्लॉटचा वेगळा हिस्सा सरकारी नकाशात नसेल, तर भूकरमापक गटाची बाहेरची हद्द दाखवेल, आतल्या प्लॉटची नाही.

पण तुम्ही अगदी निराधार नाही. प्रत्यक्ष शांत ताबा असेल, तर ज्याचा हक्क तुमच्यापेक्षा वरचढ नाही त्याच्याविरुद्ध न्यायालय तो ताबा राखतं. त्यासाठी वीजबिल, पाणीपट्टी, जुने फोटो, शेजाऱ्यांच्या साक्षी उपयोगी पडतात. दरम्यान नियमितीकरणाचा अर्ज करा. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं विचारात घेण्याची तरतूद झाली आहे. नियमितीकरणासाठी रेखांकन तयार होतं, तेव्हा शेजाऱ्यांसोबत बसून रेषा ठरवून घ्या.

१७. बांधणारा परका नाही, सख्खा चुलतभाऊ आहे. वाटणी झालेली नाही.

मग हा हद्दीचा वादच नाही. एकत्र मिळकतीत प्रत्येक सहहिस्सेदाराचा प्रत्येक इंचात हिस्सा असतो, त्यामुळे "माझ्या बाजूला बांधलं" हे म्हणणं कायद्यात टिकत नाही. वाटपाचा दावा करा आणि त्यातच, वाटप होईपर्यंत जागेचं स्वरूप बदलू नये अशी मनाई मागा. तोंडी वाटणी होऊन वर्षानुवर्षं वेगळी वहिवाट असेल, तर त्या वहिवाटीचे पुरावे महत्त्वाचे ठरतात.

१८. बांधणारा मीच आहे. शेजारी विनाकारण अडवेल अशी भीती वाटते.

नकाशा मंजूर करून घ्या, पाया आखायच्या आधी मोजणी करा, आणि आखणीच्या दिवशी शेजाऱ्याला चहाला बोलावून फीत त्याच्याच हातात द्या. तरी तो कोर्टात जाईल असं वाटत असेल तर कॅव्हेट, म्हणजे आपलं म्हणणं आधी ऐकावं असा कोर्टाला आगाऊ अर्ज, दाखल करा. ती नव्वद दिवस चालते आणि तेवढ्यात तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय सहसा मनाई मिळत नाही. जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी करून घ्या. पुढे कुणी अंतरावर बोट ठेवलं तर तो दाखला उपयोगी पडतो.

१९. शेजारी म्हणतो, "झालं ते झालं, एक फूट पट्टीचे पैसे घ्या आणि मिटवा." शंभराच्या स्टॅम्पवर लिहून चालेल का?

पैसे घ्यायला हरकत नाही, पण त्या कागदानं पट्टी त्याची होणार नाही. जमीन द्यायची तर नोंदणीकृत दस्त लागतो. त्याआधी आर्किटेक्टला विचारा: तुमचा प्लॉट एक फुटानं कमी झाला तर तुमच्याच घराची सोडायची जागा कमी पडेल का, पुढे मजला चढवताना अडचण येईल का? लेआउटमधला प्लॉट असेल तर तुकडा वेगळा करायला परवानगीही लागू शकते.

दावा चालू असेल तर लोकअदालतीत तडजोड करणं बरं. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील होत नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तडजोडीत "जागा दिली" असं मोघम लिहू नका. मोजणीची 'क' प्रत जोडा, पट्टीची लांबी-रुंदी मीटरमध्ये घाला, पाणी कुणीकडं उतरेल आणि भिंतीवर पुढे बांधकाम करायचं की नाही तेही लिहा, आणि दोन्ही घरांतल्या मिळकत पत्रिकेवर नावं असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, माहेरवाशिणींच्यासुद्धा.